विषय: पुतण्याचा स्कोप – एवढे पैसे घालायचे काय?

प्रेषक: विनायक (डॅलस)

मंडळी, गणपतीला बेळगावला निघालोय. अनगोळच्या पुतण्यानं यादी धाडलीय. एरवी बूट, फोन असलं काहीतरी असायचं, यंदा रायफलचा स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण. तीन नावं दिलीत: नाईटफोर्स एटीएसीआर 5-25×56, व्होर्टेक्स रेझर जेन थ्री 6-36×56 आणि श्मिट अँड बेंडर पीएम टू 5-25×56. (5-25 म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, 56 म्हणजे पुढच्या भिंगाचे मिलिमीटर.) पहिले दोन 3000 डॉलरच्या आगेमागे, तिसरा त्याच्याही वर. भाऊ म्हणतो आण की, एकुलतं पोरगं. वहिनी म्हणतात तेवढ्यात वरच्या मजल्याच्या फरश्या होतील.

हजाराच्या आसपास व्हायपर पीएसटी 5-25×50 मिळतो. आकडे तर जवळपास तेच. मग वरचे दोन हजार कशाचे? ‘नावाचे’ असलं उत्तर नको. अनिलराव, तुमच्याकडं असले दोन-तीन पडून आहेत, बोला.

प्रेषक: अनिल (ह्यूस्टन)

पडून नाहीत, वापरात आहेत.

विनायकराव, पैसे टरेटचे, म्हणजे नेम सरकवायच्या गोट्याचे. 100 मीटरवर 0.1 मिलची (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) एक क्लिक म्हणजे नेम 1 सेंटिमीटर सरकला पाहिजे. सरकतो का? मी स्कोप घट्ट शिकंजात आवळतो, 100 मीटरवर सेंटिमीटरच्या रेघा मारलेला उंच कागद लावतो आणि गोळी न मारता नुसतं टरेट फिरवत काचेतून बघतो. 60 क्लिक वर गेलो तर खूण 60व्या रेघेवरच बसली पाहिजे, आणि उलटं फिरवून आलो की मूळच्या रेघेवर. हजारातले बरेच यात पास होतात, पण नगानगात फरक पडतो. तुमच्या हातात कुठला येईल ते तुमचं नशीब. तीन हजारांत ते नशीब विकत घ्यायचं.

मग काच. 25 पटीवर पांढऱ्या कागदाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते की नाही ते बघा. आणि 34 मिलिमीटरच्या जाड नळीतून उजेड जास्त येतो असं सगळे धरून चालतात, तसं काही नाही. आत वर-खाली सरकायला जागा मिळते, इतकंच.

वजन कोणी विचारतच नाही. रेझरचा जुना जेन टू 4.5-27×56 जवळजवळ 1.4 किलो, ल्युपोल्ड मार्क 5एचडी 5-25×56 साधारण 850 ग्रॅम. एटीएसीआर घ्या आणि मोकळे व्हा.

प्रेषक: सुनीता (फ्रँकफर्ट)

श्मिट अँड बेंडरचं गाव बीबरटाल आमच्यापासून फार लांब नाही, वेट्झलारच्या शेजारीच. तो सगळा पट्टाच काचवाल्यांचा. पण इथले जुने शिकारी 25 पट वगैरे घेत नाहीत हो. यांच्या ऑफिसातले एक आजोबा आहेत, त्यांच्याकडं साधा 8×56. संध्याकाळी मचाणावर बसतात. 56 भागिले 8 म्हणजे 7, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्याशी येतो आणि अंधारात बाहुलीही साधारण तेवढीच उघडते. 25 पटीवर तोच गोल सव्वादोनचा. तेव्हा मोठा आकडा म्हणजे भारी वस्तू असं धरू नका.

अनिलराव, दिवाळीच्या मांड्यांची वर्गणी तुमच्याकडून यायची आहे, तेवढं बघा.

प्रेषक: आबा (कॅम्प, बेळगाव)

फौजेच्या मराठा सेंटरात मी पोरास्नी नेम धरायला शिकवलंय, म्हणून विचारतो. विनायक, एवढी काच नि नळी झाली, पण रायफल कुठली नि मारणार किती मीटरवर हे कुणीच लिहीना. पोरगं ऑलिम्पिकच्या वाटेला लागलेलं असेल तर दुर्बीण चालतच नाही. 10 मीटर एअर रायफल घ्या नाहीतर 50 मीटर, मागं बारीक भोकाचा डायॉप्टर, पुढं कडं, खलास. आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं, उभं) ब्राँझ घेऊन आला, ते काय स्कोप लावून? कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायची, जगज्जेती झाली, तीही तशीच.

आधी पोराला विचार. तीन हजार डॉलर म्हणजे इथं काय होतंय ते तुम्हां लोकांस्नी विसरायला झालंय.

प्रेषक: विनायक (डॅलस)

आबा, विचारलं. ऑलिम्पिकचं नाही. .177 इंची पीसीपी, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल घेतलीय, परवान्याविना चालते ती, 20 ज्यूलच्या आतली. खानापूरकडं मामाच्या काजूच्या बागेत बांधाला लोखंडी पत्र्याची टार्गेटं टांगून मारतात. त्याला फील्ड टार्गेट खेळायचंय, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या पत्र्यांच्या भोकात छर्रा घालायचा खेळ. अंतर 10 ते 50 मीटर म्हणतोय.

प्रेषक: दत्ता (बर्मिंगहॅम)

हे पहिल्या मेलात लिहिलं असतं तर निम्मी चर्चा वाचली असती.

फील्ड टार्गेट हा आमच्या इथलाच खेळ, शनिवार-रविवार मी तेच करतो. त्यात लांबचं दिसणं हा प्रश्नच नाही, जवळचं स्पष्ट दिसलं पाहिजे. नाईटफोर्स एटीएसीआर 5-25चं पॅरलॅक्स, म्हणजे अंतराप्रमाणं चित्र स्पष्ट करायची सोय, 45 यार्डांपासून (साधारण 41 मीटर) पुढं लागतं. म्हणजे पोराची जवळजवळ सगळी टार्गेटं त्याच्या अलीकडं! 15 मीटरवरचा पत्रा 25 पटीवर धुरकट दिसेल आणि डोळा जरा हलला की नेमाची फुली पत्र्यावरून सरकेल. यादीतले बाकीचे दोन 10 यार्ड किंवा 10 मीटरपासून लागतात. पैसा पाण्यात घालायचाच असेल तर निदान त्यात घाला.

आमचे लोक पॅरलॅक्सच्या गोट्याला मोठं चाक बसवतात. चित्र जिथं खणखणीत होतं तिथं चाकावर चिकटवलेल्या पट्टीवर अंतर वाचायचं, कारण लेझर चालत नाही. एअर रायफलचा छर्रा हलका आणि हळू, 5 मीटरचा अंदाज चुकला तरी पत्र्याच्या भोकात जात नाही. त्यामुळं 34 मिलिमीटरची नळी, झीरो स्टॉप (टरेट मूळ खुणेवर अडवणारी सोय), टरेटचा हजार मीटरपर्यंतचा प्रवास यांचा त्याला उपयोग शून्य. जवळचं पॅरलॅक्स, मोठी पट आणि गोट्याची मऊ चाल, एवढं बघा. हजाराच्या आत भागतं.

पीसीपी आहे हे एक बरं. स्प्रिंगची असती तर ती मागं आणि पुढं असा दुहेरी झटका देते, त्यात चांगले चांगले स्कोप ढिले होतात.

प्रेषक: अनिल (ह्यूस्टन)

दत्ताभाऊ, छर्रेवाल्यांनी गोळीवाल्यांना शिकवू नये. मला रायफल कळवली नव्हती, कळवली असती तर रेझरच सांगितला असता. शिवाय व्होर्टेक्सची आजीवन वॉरंटी आहे, पावती मागत नाहीत, दुसऱ्याच्या हातात गेला तरी चालते.

प्रेषक: दत्ता (बर्मिंगहॅम)

वॉरंटी आहे, पण अनगोळहून अमेरिकेला पार्सल करणार कोण? आणि परत येताना कस्टम्सवाल्यांना ‘दुरुस्त होऊन आलाय’ हे पटवणार कोण?

प्रेषक: शीला, मंडळाच्या वतीनं

नमस्कार. दोनच मुद्दे.

विनायकदादा, घेण्याआधी हे वाचा. रायफलचे स्कोप अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियंत्रण यादीत आहेत, क्रमांक 0ए504. कपड्यांत गुंडाळून बॅगेत नेला तरी ती निर्यातच ठरते, तेव्हा परवान्याचं आधी विचारा. अमेरिकेतले बरेच दुकानदार देशाबाहेर पाठवतच नाहीत, ते काही उगाच नाही. तिकडं उतरल्यावर रेड चॅनलला जाहीर करणं आणि ड्यूटी हे वेगळंच. घरगुती दुर्बीण म्हणून खपवायला जाऊ नका.

दुसरं, मंडळाच्या पुस्तकांच्या खोक्यात तो जाणार नाही. मागं कुणी लोणच्याच्या बरण्यांत बॅटऱ्या घातल्या होत्या, खोकं अडकलं आणि फोन मला आले. नाव घेत नाही, त्यांना माहीत आहे.

प्रेषक: आबा (कॅम्प, बेळगाव)

शीलाताई म्हणतात ते बरोबर. अजून एक. खानापूरच्या त्या बाजूला भीमगडचं अभयारण्य लागतंय. डुकरं शेतात येतात, नासधूस करतात, सगळं खरं. पण स्कोप लावलेली रायफल घेऊन पोरगं बांधावर दिसलं की फॉरेस्टवाला .177 आहे की काय ते लांबून बघत नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद. आमच्या चुलत्यांची दुनळी होती, परवान्याची, दर इलेक्शनला ठाण्यात जमा करायला जायचे आणि पावती देवघरात ठेवायचे. पोराला सांग, मामाच्या बागेत पत्र्याच्या मागं मातीचा ढीग पाहिजे, नि रायफल पिशवीतनं न्यायची.

प्रेषक: सुनीता (फ्रँकफर्ट)

आबा, चुलत्यांची दुनळी आता कुणाकडं आहे? यांच्या आजोळची, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या निपाणीच्या घरची, ठाण्यात दिली ती परत आणलीच नाही म्हणतात.

प्रेषक: विनायक (डॅलस)

पुतण्याशी बोललो. दत्ताभाऊंचा 45 यार्डांचा मुद्दा ऐकून गप्पच झाला. त्यानं ती यादी यूट्यूबवरच्या हजार मीटरवाल्यांची बघून केली होती. आता ठरलंय की इकडून काही न्यायचं नाही. तो तिथंच, भारतात रीतसर आयात करणाऱ्याकडून, 10 मीटरपासून लागणारा घेणार. पैसे मी देतो, हजाराच्या आत. फरश्यांचं वहिनी बघून घेतील.

दत्ताभाऊ, स्कोप रायफलवर धरणारं माउंट कुठलं घ्यायचं तेवढं सांगा.

प्रेषक: दत्ता (बर्मिंगहॅम)

रायफलच्या पाठीचा फोटो मागवा. 11 मिलिमीटरची डव्हटेल खाच असेल तर पिकाटिनीचे (रुंद, दातेरी पट्टीचे) रिंग बसणार नाहीत. नळी 30ची की 34ची हे स्कोप ठरल्यावरच, आधी रिंग घेऊ नका. आणि स्क्रू टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरापुरतंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळायला सांगा. हातानं पिळून नळीला वळ उठवलेले स्कोप मी क्लबात बघतो, मग गोटा अडकतो आणि दोष काचेवर येतो.

प्रेषक: अनिल (ह्यूस्टन)

टॉर्क रेंच माझ्याकडं जादा आहे. ते तरी घेऊन जा. मांड्यांचे पैसे आज पाठवतो.