महाराष्ट्रात दारूसाठी २५ वर्षांची अट २१ वर आणावी का?

प्रश्न (सह्याद्रीकर): बिअर आणि वाइनला २१, पण व्हिस्की-रमला २५. शेजारी गोव्यात १८ पुरेत. मतदान, लग्न, नोकरी सगळं आधी, मग ही अट कशासाठी? कमी करावी का?

मोजमाप: हा फरक अंकांत टिकत नाही. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग म्हणजे जेमतेम २६. म्हणजे एका बाटलीत दोन लार्ज! वयाची रेघ पेयाच्या नावावर नको, अल्कोहोलच्या प्रमाणावर हवी. माइल्ड बिअर २१ ला ठीक. स्ट्राँगला तीच सवलत का?

जुनाजाणता: सरसकट कमी करायला माझा ठाम विरोध. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने राज्यांचा महामार्ग निधी रोखायचा धाक घालून २१ ची अट आणली, ती रस्त्यावरच्या तरुण मृत्यूंमुळेच. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी घाईने प्यायलेली एक बाटलीही ती सहज ओलांडते, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काउंटरमागचा: खरी गळती दुकानात आहे. कायद्याने गिऱ्हाइकाकडे दारू पिण्याचा परवाना लागतो, तरी तो मागतो कोण? ओळखपत्रावर जन्मतारीख वाचायची, फोटो चेहऱ्याशी ताडायचा, मोबाइलमधला स्क्रीनशॉट घ्यायचा नाही. एवढं पाळलं तर २१ की २५ यावर बोलण्यात अर्थ आहे.

सह्याद्रीकर: स्ट्राँग बिअरचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. मग माझी मागणी बदलतो: आधी तिचं वय वाढवा.