मदत हवी आहे: आई गप्प, बाबा तापट, बीपी दोघांनाही

नमस्कार मंडळी. बाबांच्या आणि आईच्या बीपीबद्दल विचारायचं आहे.

बाबांचा राग तोंडावर असतो. पेपर उशिरा आला, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली, एवढंही पुरतं. आवाज चढतो, हात थरथरतात. आई त्यावेळी अक्षर बोलत नाही. पण मग जेवण जात नाही आणि रात्री तेच डोक्यात घोळत राहतं. बाबांची बीपीची गोळी जुनी आहे, आता आईलाही अ‍ॅम्लोडिपीन सुरू झाली.

आत्या म्हणते, "ओरडू द्या त्याला, मनात ठेवलं तर जास्त चढेल." दादाचं म्हणणं, त्यांच्यासमोर कुणी वादाचा विषयच काढू नये. मला दोन्ही पटत नाही. फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या पुरुषांवरचा १९९८ सालचा एक अभ्यास वाचला. सुरुवातीला बीपी नॉर्मल असलेल्या ५३७ जणांना ४ वर्षांनी पुन्हा तपासलं, तर राग बाहेर काढणारे आणि आत दाबणारे, दोघांतही उच्च रक्तदाबाचा धोका वाढलेला निघाला. त्यात बायका नव्हत्या, त्यामुळे आईचं त्यावरून ठरवता येत नाही. पण २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगात निरोगी माणसांना फक्त ८ मिनिटं रागाचा प्रसंग आठवायला लावला, तरी रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता ४० मिनिटांपर्यंत घटलेली होती. आई तर तासन् तास आठवत बसते. मला आता तिचीच काळजी जास्त वाटते.

डॉक्टरांनी सांगितलंय की रागाच्या भरात यंत्र लावू नका. ५ मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, चहानंतर अर्धा तास सोडून मोजा. तसं मोजूनही बाबांचं वरचं १५० च्या आसपास येतं. लोणचं-पापड बंद आहे, गोळी चुकत नाही. औषधाचं डॉक्टर बघतीलच.

तुमच्या घरी असा तापट माणूस समुपदेशनाला तयार झाला का? कुणी सांगितल्यावर ऐकलं? "मला वेड लागलंय का" म्हणून बाबा उठून जातात. आणि आईसारख्या बाईला, भांडण न होता, जे खुपतं ते त्याच दिवशी बोलायची सवय कशी लावता येईल? हे ज्यांच्या घरी जमलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.