मिठात सगळेच जंतू मरत नाहीत

एकांनी लिहिलंय की भरपूर मीठ असेल तिथे जंतू जगूच शकत नाहीत. लोणच्याच्या बरणीपुरतं ते बरंचसं खरं आहे: बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी ओढलं जातं आणि जंतूची वाढ थांबते. पण काहींनी यावर तोड काढलीय. बरेच जीवाणू पेशीत एक्टोइन, ग्लायसीन बीटेन असे छोटे रेणू साठवतात. त्यामुळे पाणी आत टिकतं आणि प्रथिनांनाही त्रास होत नाही. (एक्टोइन हल्ली त्वचेच्या क्रीममध्येही असतं.)

दुसरा मार्ग मला जास्त विलक्षण वाटतो. सॅलिनिबॅक्टर रूबर हा जीवाणू पेशीतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतो. साधी प्रथिनं एवढ्या क्षारात गोळा होऊन निकामी होतील. याच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर मात्र आम्लधर्मी अमिनो आम्लं भरपूर असतात, ती पाणी धरून ठेवतात.

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, ते हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. आर्किया म्हणजे जीवाणू नव्हेत, तो वेगळाच गट. पण पोटॅशियमची युक्ती हीच. आणि साध्या गोड्या पाण्यात टाकलं तर यांतले बरेचसे फुटून मरतात!