'आयलंड'मधला एस घुसखोर आहे
इंग्रजी स्पेलिंगमधली न उच्चारली जाणारी अक्षरं निव्वळ घोकूनच लक्षात राहतात, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. माझी लेक 'साइन' (sign) लिहिताना 'जी' (g) हे अक्षर हमखास गाळायची. शेजारी 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' लिहून दाखवले, तिथे तो जी ठणठणीत ऐकू येतो. मग चूक थांबली. 'टू' म्हणजे दोन, त्यातल्या डब्ल्यूचंही तेच: ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन.

पण स्पेलिंगमधून दिसणारं मूळ दरवेळी खरंच असतं असं नाही हं. 'आयलंड'मधला एस चक्क घुसखोर. जुन्या इंग्रजीत तो नव्हताच. फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी (isle, म्हणजे बेटच) नातं असेल असं समजून 16व्या शतकाच्या सुमारास चिकटवला गेला. 'आइल'चं मूळ लॅटिन 'इन्सुला', 'आयलंड'चं जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या, त्यातलं. आडनाव सारखं, पण भाऊबंद नव्हेत.