चर्नी रोडला उतरणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

खारा_वारा

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरचं, मरीन लाइन्स आणि ग्रँट रोडच्या मधलं चर्नी रोड, म्हणजे गिरगाव चौपाटीचं स्थानक. सोमवार ते शनिवार ते कामाचं स्थानक असतं: ऑपेरा हाउसचे हिरेवाले, सैफी रुग्णालयात जाणारे, शाळा-कॉलेजची पोरं, आमच्यासारखे कारकून. रविवारी चार वाजून गेले की त्याच जिन्यावर प्लास्टिकची फावडी, बादल्या, फुगे आणि कडेवरची बाळं दिसायला लागतात. गर्दी तेवढीच, पण तिला घाई नसते. रोजच्या पासवाल्याला रविवारी तिथून वाट काढायची असेल तर त्याचे जे हाल होतात ते विचारू नका!

माझं माहेर गिरगावात, सासर नालासोपाऱ्याला, नोकरी ठाकूरद्वारला, त्यामुळे या स्थानकाशी नातं काही तुटलं नाही. चर्चगेटकडे जाताना मी उजव्या हाताची खिडकी धरते. चर्नी रोड सुटलं की जिमखान्यांची मैदानं लागतात आणि त्यांच्यापलीकडे क्षणभर समुद्र चमकतो. त्यासाठी कधीकधी मी मरीन लाइन्सपर्यंत जाऊन मागे चालत येते. पावसाळ्यात एसी लोकलचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि फलाटावर सगळे चश्मिस एकाच वेळी थांबतात. मागच्यांच्या शिव्या ठरलेल्या.

चौपाटीसाठी, कामासाठी, विसर्जनासाठी, ज्या कुणी हे स्थानक वापरलंय त्यांनी लिहा. सूर्यास्त सुंदर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून बाकी काहीही चालेल.

जुना_गिरगावकर

खरं सांगू का, आम्हा गिरगावकरांना हे स्थानक गाडीपेक्षा पूल म्हणून जास्त माहीत. चाळ रुळांच्या पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी आजोबा काठी घेऊन निघत, पूल चढून उतरत आणि चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी त्यांची मंडळी जमे. १ ऑगस्ट १९२०ला टिळक गेले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूत झाले. दर १ ऑगस्टला आजोबा आम्हा पोरांना तिथे उभं करून ते सगळं पुन्हा सांगायचे आणि आमचा अर्धा जीव भेळवाल्याकडे असायचा.

पाहुणे आले की तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं. १९५१चं ते. आता बंद आहे, त्यामुळे बाहेरगावचं कुणी "मासे बघायला कुठे उतरू" असं विचारतं तेव्हा काय सांगावं कळत नाही.

२०२४च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव केला, त्यात चर्नी रोडचं नाव गिरगाव करायचं ठरलं. मला आनंद झाला. माझ्या बायकोला नाही. ती म्हणते, गिरगाव म्हणजे गल्ल्या, वाड्या, ठाकूरद्वार, फणसवाडी, आणि स्थानक म्हणजे चर्नी रोड, एकात दुसरं कशाला घालता? यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.

दोन_पोरांची_आई

दहिसरहून येतो आम्ही, साधारण महिन्यातून एकदा. जाताना काही त्रास नाही. येताना मात्र सगळी चौपाटी एकदम घरी निघते. साडेसात-आठच्या सुमारास बोरिवली-विरारच्या गाड्या चर्चगेटहूनच भरून येतात. त्यात झोपलेलं पोर खांद्यावर, दुसऱ्याच्या चपलेत अर्धा किलो वाळू.

आमचा उपाय: परतीचं तिकीट सकाळी काढतानाच चर्चगेटपर्यंतचं काढायचं. संध्याकाळी चर्नी रोड ते चर्चगेटचं वेगळं तिकीट काढून तिकडे जाणारी गाडी पकडायची, तीच गाडी परत फिरणार असेल तर बसून राहायचं. पोरं खिडकीत, मी टेकून. पण चर्नी रोडचंच तिकीट असताना हे करू नका, टीसी भेटला तर दंड भरावा लागतो आणि तो बरोबरच असतो.

वाळूसाठी: चौपाटीवरच पाय झाडून, पुसून मग बूट घाला. फलाटावर बाकड्यावर बसून पाय झटकणाऱ्यांकडे लोक फार वाईट बघतात.

विरार_फास्ट

वरच्या ताईंना हात जोडून विनंती. तुम्ही "रिटर्न" येता आणि बसून राहता, आम्ही चर्चगेटला रांगेत उभे राहून गाडीत शिरतो तर खिडक्या आधीच गेलेल्या! रविवार ठीक आहे, पोरं आहेत. पण रोज संध्याकाळी मरीन लाइन्स, चर्नी रोडवाले जवान गडी हेच करतात त्यांचं काय?

दोन_पोरांची_आई

जवान गड्यांना तुम्हीच सांगा. मी दोन पोरं आणि एक फावडं घेऊन उभी राहू शकत नाही.

पाट_आणि_वाळू

विसर्जनाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? मग मी लिहितो, कारण माझं निम्मं आयुष्य त्या एका दिवसाभोवती गेलंय.

काकांचा गणपती गिरगावात, चाळीत. आम्ही कांदिवलीचे सगळे विसर्जनाला तिथे. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या गाड्या काही तास चर्नी रोडला थांबवत नाहीत, कारण फलाटावर माणूस मावत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा डब्यातल्या अर्ध्या लोकांनी घोषणा ऐकलीच नव्हती. दारातली पोरं "थांबव थांबव" ओरडतायत, गाडी आपली शांतपणे पुढे. सगळे मरीन लाइन्सला उतरलो आणि ढोलाच्या आवाजाच्या दिशेने चालत मागे आलो. तेव्हापासून आम्ही ग्रँट रोडलाच उतरतो. चालणं पडतं, पण त्या दिवशी चालण्यातच मजा असते.

चौपाटीवर आता पाण्यात खोल जाऊ देत नाहीत, जीवरक्षक आणि महापालिकेची माणसं मूर्ती घेऊन जातात. आम्ही पूर्वी छातीपर्यंत पाण्यात जायचो. २०१३च्या विसर्जनात पाकटांनी किती तरी जणांच्या पायांना डंख केले, त्याच्यानंतर आमच्या घरच्या बायकांनी आम्हाला पाण्यात पाठवणं बंद केलं. हा मासा वाळूत दबून बसतो, वर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. जेली फिशही त्याच दिवसांत येतात. अनवाणी जाऊ नका. श्रद्धा बुटांनी कमी होत नाही.

मग परत येणं. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर मूठभर वाळू घेऊन परतायचं, ती घरात ठेवायची. काकांचा पाट चाळीतच राहतो, पण माझ्या आत्याने स्वतःचा गणपती सुरू केला आणि मूर्ती इथेच विसर्जित करायचा हट्ट धरला, तेव्हापासून तो पाट रात्रीच्या लोकलने कांदिवलीला येतो. मालडब्यात आजूबाजूला मच्छीच्या टोपल्या, ढोल, ताशे, गुलालाने लाल झालेली झोपलेली पोरं, आणि मध्ये आत्या पाट मांडीवर घेऊन. कुणी एकाने तिला जागा दिली नाही असं आजवर झालेलं नाही. त्या रात्री उशिरापर्यंत जादा लोकल सोडतात, त्यामुळे "गाडी मिळेल का" ही काळजी नसते, "डब्यात शिरता येईल का" ही असते.

आणखी एक. लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा त्याहून उशिरा चौपाटीला पोहोचतो. दुसरा दिवस कामाचा असेल तर सकाळी चर्नी रोडच्या पुलावर एका बाजूने इस्त्रीचे शर्ट उतरतायत आणि दुसऱ्या बाजूने रात्रभर जागलेले, आवाज बसलेले, गुलालाचे लोक चढतायत. दोघंही एकमेकांकडे अशा नजरेने बघतात की वेडा कोण हे दोघांनाही कळू नये.

पंचरत्न_तिसरा_मजला

मी हिऱ्याच्या लाइनमध्ये होतो, हिशेब लिहायला. आमच्या वेळी सकाळी चर्नी रोडला उतरणाऱ्यांत दलाल मोठ्या संख्येने. शर्टाच्या आतल्या खिशात कागदाच्या पुड्या, त्यात लाखोंचा माल, आणि माणूस उभा मात्र सेकंड क्लासच्या दारात लोंबकळत. भीती कुणालाच वाटायची नाही. नवख्याला आम्ही एकच सांगायचो, खिशाला हात लावून बघू नकोस, बघितलंस की चोराला कळतं.

१३ जुलै २०११ला संध्याकाळी ऑपेरा हाउसला स्फोट झाला तेव्हा मी फलाटावर पोहोचलो होतो. पाऊस होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत माणसं होती, फक्त कुणी बोलत नव्हतं.

पुढे धंदा हळूहळू बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) भारत डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिरेबाजारात गेला आणि माझा पास वांद्र्याचा झाला. तिथे सगळं आहे, समुद्र नाही. संध्याकाळी सौदा फिसकटला की आम्ही चौपाटीवर जाऊन कुल्फी खायचो. बीकेसीत सौदा फिसकटला की थेट घरी.

गुडघे_वय_६८

जिन्यांचा त्रास असेल तर ऐका. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे आणि तिचं गिरगाव स्थानक आहे. भुयारी, थंडगार, लिफ्टची सोय. आमच्यासारख्यांना वरदान. पण ते स्थानक रेल्वेच्या पूर्वेला आहे, चौपाटीला जायचं तर रूळ ओलांडावेच लागतात. म्हणजे जिन्याचा हिशेब पूर्ण सुटला असं समजू नका. मी ठाकूरद्वारला मिसळ खाऊन आधी बळ घेते, मग पूल.

रात्रीचा_डबा

वडील स्थानकासमोरच्या रुग्णालयात होते. मी रोज वसईहून डबा घेऊन यायचो, आई तिथेच राहायची. भेटीची वेळ संपली की ती म्हणायची, चल जरा पलीकडे. चौपाटीवर बसून ती उरलेला डबा खायची. आजूबाजूला घोडागाडीत बसलेली पोरं, भेळवाल्यांची बोलावणी, आणि आमच्यासारखीच, हातात फाइल आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेली किती तरी माणसं. ती ओळखू येतात. मला तोपर्यंत वाटायचं चौपाटीवर फक्त फिरायला येतात. वडील बरे होऊन घरी आले, तेव्हा आईने चर्नी रोडला टॅक्सी न करता लोकलच पकडायला लावली. का, ते विचारलं नाही.

निळी_जर्सी

४ जुलै २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाची मिरवणूक. मरीन ड्राइव्हवर गर्दीत श्वास घ्यायला जागा नव्हती. आम्ही शहाणपणा करून चर्नी रोडला उतरलो, वाटलं सगळे चर्चगेटला जातील. सगळ्यांनी तोच शहाणपणा केला होता. बस मला दिसली नाही. रोहितचा हात दिसला असं मित्र म्हणतो, मी मान्य करत नाही.

वसईची_सून

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न: येत्या रविवारी सासूबाई, नणंद आणि तिची मुलगी बरोबर आहेत. सासूबाईंना बाबुलनाथला जायचंय, मुलीला चौपाटी. कुठे उतरू?

खारा_वारा

ग्रँट रोडला उतरा, टॅक्सीने आधी बाबुलनाथ करा. तिथून चौपाटी चालत जवळ आहे. परत येताना चर्नी रोड. निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या, मोठी भरती असेल तर वाळूचा पट्टा आखडतो आणि मुलीला खेळायला जागा उरत नाही. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्थानकात शिरायच्या आधी काढा, आत गेल्यावर निघत नाही. आणि सातच्या आत निघा. नाही जमलं तर दोन पोरांच्या आईचा उपाय करा, विरार फास्टला सांगू नका.

विरार_फास्ट

वाचलं मी.