'फॅन्सी ड्रेस'मधला 'फॅन्सी' कोणता?

प्रश्न : एका इंग्रजी लेखाच्या अनुवादात मी 'फॅन्सी ड्रेस बॉल'साठी 'भरजरी पोशाखातील नृत्यसमारंभ' असे लिहिले होते, संपादकांनी ते खोडून 'सोंगांचा नृत्यसमारंभ' असे केले. 'फॅन्सी' म्हणजे नक्षीदार, उंची असाच अर्थ नाही का?

प्रतिसाद : येथे नाही. 'फॅन्सी' हे 'फँटसी'चेच आखडलेले रूप असून त्याचे मूळ ग्रीक 'फँटासिया'त, म्हणजे कल्पनेत, आहे; म्हणून मनात येईल ते रूप घेण्यासाठी केलेला वेष तो फॅन्सी ड्रेस. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त २ जुलै १८९७ रोजी लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये झालेल्या समारंभात पाहुण्यांनी ऐतिहासिक किंवा रूपकात्मक वेषातच यावे, असे निमंत्रण होते आणि यजमान डचेस स्वतः प्राचीन सीरियातील पाल्मिराची राणी झेनोबिया झाल्या होत्या. पॅरिसच्या वर्थ यांच्या पेढीने शिवलेला तो पोशाख भरजरी होता खरा, पण 'फॅन्सी' ठरला तो झेनोबियामुळे, जरीमुळे नव्हे.

प्रतिसाद : अमेरिकेत अशा समारंभाला 'कॉस्च्यूम पार्टी' म्हणतात, त्यामुळे तेथील वाचकाचाही प्रश्नकर्त्यासारखाच समज होऊ शकतो. मराठीने मात्र दोन्ही अर्थ सुखाने नांदवले आहेत. दुकानातली फॅन्सी साडी वेगळी आणि शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये पुणेरी पगडी सावरत, मिशीचा काजळ पुसला जाऊ नये म्हणून ओठ मिटून उभा राहिलेला लोकमान्य वेगळा. शब्द इतका रुळला असताना तो तसाच ठेवावा.

प्रतिसाद : रुळला म्हणून आपला शब्द टाकायचा, हे मला मुळीच मान्य नाही. 'वेशभूषा' कोणत्याही पोशाखाला लागू पडते, 'वेषांतर' हेराचे वाटते. 'सोंग' हाच नेमका शब्द आहे.

प्रतिसाद : 'सोंगा'ला ढोंगाचा वास येतो. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' असे आपण उगाच म्हणत नाही.

प्रतिसाद : पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे-नाचाच्या उत्सवात, देवदेवतांचे मुखवटे चढवून, वाद्यांच्या तालावर जी नाचवली जातात, त्यांनाही सोंगेच म्हणतात, आणि लोक त्यांना हात जोडतात. ढोंगाची छटा शहरी बोलण्याने चढवलेली आहे.

प्रतिसाद : ती म्हण मी शहरात ऐकलेली नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, उधारी मागायला आलेल्या माणसासमोर, आजीच्या तोंडून ऐकली आहे.