मदत हवी आहे: अस्वलाच्या शब्दाचा मूळ अर्थ (उद्यापर्यंत!)

ऋता
उद्या निबंध द्यायचाय आणि मी इथेच अडकलेय. अस्वलाच्या शब्दाचा मूळ अर्थ 'मध खाणारा' की 'मध जाणणारा'? वर्गात दुसरा सांगितला, कोशात पहिला दिसतो. पुराव्यासकट सांगा, प्लीज.

भाषाभ्रमर
कुठला शब्द? कुठली भाषा? 'अस्वल'मध्ये मध कुठे आहे?

वऱ्हाडी
आमच्याकडची अस्वलं मधापेक्षा वारुळातल्या वाळवीवर तुटून पडतात. मोहफुलं पडायला लागली की पहाटे एकट्यानं रानात जाऊ नका.

ऋता
रशियन हो! मेद्वेद.

शब्दशोधक
'मध खाणारा'च. पुनर्रचित आदिस्लाव्हिक (रशियन, पोलिश, चेक वगैरे स्लाव्हिक भाषांची मूळ भाषा; तिचे शब्द तुलनेतून जुळवलेत) शब्दात मेदु म्हणजे मध आणि एद् म्हणजे खाणे, आपल्या अद् धातूचा सख्खा भाऊ. घोळ मधल्या 'व'मुळे होतो. तिथे जाणण्याचा वेद् धातू असल्याचा भास होतो. पण तो 'व' मेदुच्या 'उ'चा आहे. शाळेतला यण् संधी आठवा: मधु + अद् = मध्वद्. ऋग्वेदात (१.१६४.२२) 'मध्वदः सुपर्णाः' आलंय, तेच निबंधात घाला.

पुरातन
म्हणजे शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला!

शब्दशोधक
नाही. वेदात मध्वद् पक्ष्यांना म्हटलंय. अस्वल म्हणजे ऋक्ष. त्याचे भाऊबंद ग्रीक आर्क्टोस, लॅटिन उर्सुस. स्लाव्हिकमध्ये तो जुना शब्द टिकलाच नाही. शिकारी खरं नाव घ्यायला भीत, म्हणून टोपणनाव रूढ झालं असं मानतात.

पुरातन
भाऊ काय आणि बाप काय, संस्कृत जुनी आहेच ना?

भाषाभ्रमर
जुने लेख सापडले म्हणून कुणी बाप होत नाही. बाकी नाव टाळण्याचं पटतं. आमच्या आजी रात्री सापाला 'लांबडं'च म्हणत.

मॉस्कोकर
ताई, रशियन शिकायची तर आधी विभक्ती पक्क्या करा. व्युत्पत्ती नंतर.

ऋता
व्याकरण नकोय हो! इतर भाषांतली रूपं हवीत. पोलिशमध्ये सुरुवातीला 'न' का?

शब्दशोधक
पोलिश न्येद्झ्व्येच. जुन्या पोलिशमध्ये 'म'च होता, पुढच्या ओष्ठ्य 'व'मुळे तो बदलला. चेकमध्ये मेद्व्येद, पण आडनाव नेद्व्येद! युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन वेद्मिद झालं, त्यामुळे 'जाणणारा' हा समज आणखी बळावतो. हंगेरियन स्लाव्हिक नाही, तरी तिने मेद्वे उसना घेतलाय. बल्गेरियन मेच्का मात्र थेट या यादीत टाकू नका, ते लाडकं रूप आहे.

वऱ्हाडी
आमच्याकडे रीस म्हणतात, तो ऋक्षातलाच का?

भाषाभ्रमर
हो, हिंदी रीछही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.